पत्रांतील रिकामी जागा

पूर्वीं पत्र लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम मायन्याचा विचार करी. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थास ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’. पत्र कोणास जावयाचें हें ठरल्यावांचून पहिली ओळ उमटत नसे. आज गायनाच्या किंवा योगासनांच्या वर्गांत जागा राखली कीं क्षणार्धांत ई-मेल येतो; तो कोणी बसून लिहिलेला नसतो. वर्गचालकानें मजकूर एकदांच लिहून ठेवलेला असतो, आणि नांव, वर्ग, तारीख व वेळ यांच्या जागीं नुसत्या खुणा केलेल्या असतात.

अशी खूण बहुधा दुहेरी महिरपी कंसांत घालतात. २००९ सालीं निघालेल्या एका पद्धतीस तर ‘मस्टॅश’, म्हणजे मिशी, असेंच नांव आहे. हा कंस आडवा केला असतां मिशीसारखा दिसतो. पत्र निघतांना यंत्र नोंदींतून त्या विद्यार्थ्याची माहिती काढून खुणांच्या जागीं भरतें. शंभर जणांस शंभर पत्रें जातात, आणि प्रत्येकास तें आपलेंच पत्र वाटतें.

यंत्र आज्ञाधारक असतें, समंजस नसतें. खुणेंत एक अक्षर चुकलें तर नांवाऐवजीं कंसच छापून जातो, किंवा ‘नमस्कार’ या शब्दापुढें नुसता स्वल्पविराम उरतो. नांवाची नोंद नसेल तर काय लिहावें, हें आधींच सांगून ठेवणें हा यावरील उपाय होय. आपल्याकडे पुष्कळ जण आडनांव आधीं लिहितात; त्यामुळें मुलीस ‘नमस्कार कुलकर्णी’ असें पत्र जातें.

मराठींत आणखी एक अडचण आहे, ती विभक्तीची. खुणेस ‘ला’ जोडला तर ‘पुणें’ याचें ‘पुण्याला’ न होतां ‘पुणेंला’ होतें. म्हणून ‘ठिकाण: पुणें’ अशी स्वतंत्र ओळ करावी. तसेंच ‘आपण आलां होतां’ कीं ‘आल्या होतां’ या पेंचांत न पडतां ‘आपली जागा राखून ठेवली आहे’ असें लिहावें. तें स्त्रीपुरुष दोघांसही चालतें.

परंतु खरा धोका वेळेचा. ३/४ ही तारीख भारतांत ३ एप्रिल, तर अमेरिकेंत ४ मार्च. पुण्यांत सायंकाळीं ७ वाजतां सुरू होणारा वर्ग लंडनमधील मराठी मुलासाठीं हिवाळ्यांत दुपारीं १.३० ला असतो, उन्हाळ्यांत २.३० ला, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारीं तेथील घड्याळें एक तास पुढें करतात. म्हणून महिना अक्षरांनीं लिहावा, आणि वेळेपुढें ती कोणत्या गांवची हें सांगावें. साडेपांच तासांचा फरक पाठ करून भागत नाहीं; तो वर्षांतून दोनदां बदलतो.

असें पत्र लोकांस धाडण्यापूर्वीं चालकानें स्वतःस धाडून पाहावें: एकदां पूर्ण नांवानें, एकदां नांवावांचून, एकदां परदेशच्या पत्त्यावर. नांव चुकलें तर वाचणारा हंसून सोडून देतो. वेळ चुकली तर एखादें मूल तंबोरा जुळवून रिकाम्या पडद्यासमोर तासभर वाट पाहत बसतें. यंत्रानें लिहिण्याचे श्रम वांचविले खरे. वाचणाऱ्याचा विचार करण्याचें काम मात्र माणसाकडेच राहिलें आहे.