हृदयाची शस्त्रक्रिया आणि दोन वाटांची भूल



शहागडाहून हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरास वा पुण्यास रुग्ण न्यावयाचा झाला, की घरची मंडळी एकच विचारतात, ‘सर्जन कोण?’ भूल कोण देणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या दुसऱ्या वैद्याविषयी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

हा विषय आपल्या प्रांतास परका नाही. गोदाकाठचे हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन मंडळे बसली. निष्कर्ष असा निघाला की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. सबब श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे. पुढे १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, भूल हलकी असतानाही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवू शकतो. तेव्हा श्वास आणि हृदय या दोहोंवर पहारा हवा, हे शास्त्राने अनुभवाने शिकून घेतले.

आज क्लोरोफॉर्म मागे पडला आहे. शिरेतून प्रोपोफॉलसारखे औषध दिले की रुग्ण थोड्याच वेळात निद्राधीन होतो. परंतु मात्रा मोठी झाल्यास रक्तदाब उतरतो. सेव्होफ्ल्युरेन वा आयसोफ्ल्युरेन यांची वाफ श्वासावाटे देतात. उच्छ्वासातील तिचे प्रमाण यंत्रावर दिसते, हा तिचा मोठा गुण. पण अधिक झाल्यास तीही रक्तदाब उतरविते. दुबळ्या हृदयास यांपैकी एकाचाच भार सोसवेलच असे नाही. ओझे एकाच बैलावर न घालता जोडीवर वाटावे, त्याप्रमाणे दोन्ही औषधे बेताने देतात. वेदनेसाठी फेंटानिलसारखे औषध निराळे.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर त्याचे व फुप्फुसांचे काम एक यंत्र करते. तेव्हा फुप्फुसांची वाट बंद! अशा वेळी शिरेतील औषध पंपाने चालू ठेवतात, किंवा यंत्रातील प्राणवायूतच वाफ मिसळतात. भूल तुटून रुग्णास मध्येच जाग येऊ नये, याची ही दक्षता होय.

या दोहोंत श्रेष्ठ कोणते, असा वाद घालण्याचे कारण नाही. हृदयाच्या धमन्यांची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या ५,४०० रुग्णांचा तेरा देशांतील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. वाफेचा उपयोग केलेले आणि केवळ शिरेतून भूल दिलेले, अशा दोन्ही गटांत वर्षअखेरच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. भूलतज्ज्ञ रुग्ण पाहून मेळ घालतो. तो निर्णय त्याचाच.

आपले कर्तव्य मात्र आपलेच आहे. भूलतज्ज्ञ तपासावयास येतो, तेव्हा घरातील वडील मंडळी सुनेसमोर तंबाखू, विडी वा दारूची गोष्ट लपवितात. ही लाज प्राणावर बेतू शकते. नातलगांनी क्षणभर बाहेर जावे आणि रुग्णास मोकळेपणी बोलू द्यावे. चालू औषधे, जडीबुटी, हलणारे दात, पूर्वी रक्ताच्या नात्यात कोणास भुलेचा त्रास झाला असल्यास तोही सांगावा. उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. प्रेमापोटी चोरून घास भरवू नये.

सर्जनाचे नाव विचारता, तसे भूलतज्ज्ञाचेही विचारा आणि त्याच्यापाशी सत्य बोला, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.