बॅट लांकडी कीं धातूची?

क्रिकेटच्या मैदानावरील लांकडी बॅटीचा नाद श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेंतील शाळांच्या मैदानांवर बेसबॉल चालला असतां मात्र पुष्कळदां धातूचा टणत्कार कानीं पडतो. तेथील सर्वोच्च व्यावसायिक सामन्यांत आजहि अखंड लांकडाचीच बॅट चालते; मग मुलांच्या हातीं धातु कां आला?

याचें मूळ काटकसरींत आहे. लांकडी बॅट वारंवार मोडते आणि दर वेळीं नवी घेणें शाळांना जड जातें. म्हणून लिट्ल लीग या मुलांच्या संस्थेनें १९७१ सालीं व महाविद्यालयीन क्रीडासंस्थेनें १९७४ सालीं अॅल्युमिनियमच्या बॅटीस परवानगी दिली.

परंतु या बॅटीनें खेळच पालटला. लांकडावर आदळतांना चेंडू चेपतो व त्यांत त्याची बरीच शक्ति खर्चीं पडते. धातूची बॅट आंतून पोकळ. तिचा पत्रा क्षणभर दबतो आणि उसळून त्या शक्तीचा कांहीं भाग चेंडूस परत देतो. शिवाय तिचा भार हातांकडे अधिक असल्यामुळें ती त्वरेनें फिरते. १९९८ चा महाविद्यालयीन अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्नियानें अॅरिझोना स्टेटविरुद्ध २१-१४ असा जिंकला, इतक्या धांवा होऊं लागल्या.

प्रश्न केवळ धांवांचा नव्हता. चेंडू फेकणारा पिचर फलंदाजापासून अवघ्या ६० फूट ६ इंचांवर उभा असतो आणि फेकीच्या भरांत आणखी पुढें येतो. जोरदार टोल्याचा चेंडू त्याच्यापर्यंत पोहोंचण्यास अर्धा सेकंदहि लागत नाहीं. २००३ सालीं माँटॅना राज्यांत अॅल्युमिनियमच्या बॅटीवरून आलेल्या चेंडूनें १८ वर्षांच्या एका पिचरचा प्राण घेतला. धोक्याची पुरेशी सूचना न दिल्याबद्दल बॅटीच्या उत्पादकांनीं ८,५०,००० डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय ज्यूरीनें २००९ सालीं दिला. तत्पूर्वीं, २००७ सालीं, न्यूयॉर्क शहरानें माध्यमिक शाळांच्या सामन्यांत धातूच्या बॅटीस बंदी केली होती.

लांकडी बॅटीचा चेंडू निरुपद्रवी असतो, असें नव्हे. तरी शेवटीं मध्यम मार्ग निघाला. महाविद्यालयांत २०११ पासून व माध्यमिक शाळांत २०१२ पासून धातूच्या बॅटीची उसळी लांकडी बॅटीच्या जवळपासच असावी, असा नियम झाला. काटकसर राहिली, अधिकचा वेग गेला. आपल्या मुलास बॅट घेऊन देणाऱ्या पालकानें ती किती टिकेल हें अवश्य पाहावें. परंतु समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या मुलासहि विसरूं नये, एवढाच या नियमाचा अर्थ.