रॉक अँड रोलचे पूर्वज



१९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटातील सी. रामचंद्रांच्या ‘ईना मीना डीका’वर ज्यांनी पायाने ठेका धरला, त्यांना रॉक अँड रोल अगदीच परके नाही. परंतु हे नाव निघाले की एल्व्हिस प्रेस्ली पुढे येतो आणि गाणे जणू त्याच्याबरोबरच जन्मले असे वाटू लागते. गाणे आकाशातून पडत नसते; त्यालाही वाडवडील असतात. आज आम्ही त्यांच्याविषयी बोलणार आहोत.

त्यांच्या गायकीचे नाव ‘जंप ब्लूज’. महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पंधरा-वीस वादकांचे मोठे वाद्यवृंद पोसणे कठीण झाले. १९४४ साली नृत्यगृहांवर तीस टक्के करही बसला. तेव्हा पाच-सात वादकांचे आटोपशीर संच पुढे आले. आर्कान्सात १९०८ साली जन्मलेला कृष्णवर्णीय गायक लुई जॉर्डन हा त्यांचा म्होरक्या. १९४६ सालचे त्याचे ‘चू चू च्बूगी’ कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या यादीत अठरा आठवडे अग्रभागी होते.

या गाण्याची घडण साधी असते. चार मात्रांची बारा आवर्तने; पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसरीने उत्तर द्यावयाचे. पोवाड्यात झीलकरी शाहिराचा सूर उचलतात, तसा येथे गायकाचा सूर सॅक्सोफोन उचलतो. टाळी पडते ती दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. कॅन्सस सिटीच्या मद्यगृहात पेले भरता भरता गाणारा बिग जो टर्नर ध्वनिक्षेपकावाचून सारे दालन भरून टाकी.

आता वंशावळ पाहा. रॉय ब्राउनने ‘गुड रॉकिन टुनाइट’ हे आपले गाणे वायनोनी हॅरिसला देऊ केले. त्याने ते नाकारले. मग १९४७ साली ब्राउनने ते स्वतःच गायिले. ते चालले असे दिसताच हॅरिसनेही ते गायिले, आणि १९५४ साली प्रेस्लीने. टर्नरचे ‘शेक, रॅटल अँड रोल’ त्याच वर्षी बिल हेलीने उचलले. जॉर्डनचे ध्वनिमुद्रण करणारे मिल्ट गेब्लर हेच हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’चेही निर्माते! जॉर्डनच्या लकेरी आपण हेलीच्या वादकांना गाऊन दाखवीत असू, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले.

मग ही चोरी म्हणावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. हॅरिसनेही ब्राउनकडूनच घेतले होते. घेतल्यावाचून संगीत वाढत नाही. अन्याय झाला तो बाजारात. १९४९ सालापर्यंत कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळी छापली जाई. पुढे नाव पालटले, भिंत राहिली. जेथे मूळ गायकाला दार बंद होते, तेथे तेच गाणे गोऱ्या गळ्यातून सुखाने शिरले. बिग मामा थॉर्नटनचे ‘हाउंड डॉग’ १९५३ सालचे. १९५६ साली प्रेस्लीने ते गाऊन जग जिंकले. आपल्याला मात्र सारे मिळून पाचशे डॉलर मिळाले, असे ती सांगे. १९८४ साली ती वारली. रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरात तिचे नाव लागले ते २०२४ साली.

आमचा गवई गुरूची चीज गाण्यापूर्वी त्याचे नाव घेऊन कानाला हात लावतो. त्यात त्याच्या गाण्याला उणेपणा येत नाही. प्रेस्ली आपण खुशाल ऐकावा. पण ऐकताना जॉर्डन, ब्राउन, टर्नर आणि थॉर्नटन ही नावेही घ्यावीत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.