गोट्यांचा किनारा आणि शेवटची पावले



फ्रान्समधील नीस शहराचा किनारा वाळूचा नसून गोल गोट्यांचा आहे. आल्प्सकडून वाहत येणाऱ्या वार नदीने हे गोटे समुद्रापर्यंत आणले. किनाऱ्यालगत सुमारे ७ किलोमीटर लांबीचा सपाट पदपथ असल्याने तेथवर सहज पोहोचता येते. खरी अडचण असते ती पुढील थोड्या पावलांची. गोट्यांवर पाय घसरतो, उन्हात ते तापतात आणि चाकाची खुर्ची जागीच अडते. पाणीही काठाजवळच खोल होते.

यास्तव प्रवाशाने रबरी पादत्राणे न्यावीत. सोबत वृद्ध वा अपंग व्यक्ती असल्यास कारास किंवा सांतनेर हे भाग निवडावेत. उन्हाळ्यात तेथे पाण्यात नेता येणारी तरंगती खुर्ची व मदतनीस यांची सोय असते. तिच्या तारखा आधी विचारून घ्याव्यात.

गोट्यांच्या फटीत शिरलेले सिगारेटचे थोटूक सहजी निघत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यापासून फ्रान्समध्ये स्नानाच्या हंगामात किनाऱ्यांवर धूम्रपानास बंदी आहे.

गोव्याच्या मऊ वाळूतही चाक रुततेच. रस्ता आणि पाणी यांमधील ती थोडी पावले प्रत्येकास ओलांडता आली, तरच किनारा सर्वांचा म्हणता येईल.