सामाईक विहिरीचा गाळ कोणी उपसायचा?



१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, तेव्हा तिचा आशय नैतिक होता : संगणकाची आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा. आज बड्या कंपन्यांचा कारभारही बव्हंशी अशाच खुल्या आज्ञावलींवर चालतो. हा चळवळीचा विजय मानावा काय? माझ्या मते, अंशतःच.

'ओपनएसएसएल'चे उदाहरण घ्या. इंटरनेटवरील गुप्त संदेशवहनाचा भार वाहणारी ही आज्ञावली. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला. त्यातून पासवर्डदेखील चोरता येत होते. दोन वर्षे तो कोणाच्या ध्यानी आला नव्हता. आज्ञावली सर्वांना खुली होती. पण तिची राखण करणारा पूर्णवेळ माणूस एकच होता, आणि देणग्या वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर. गूगल, फेसबुक आदी कंपन्यांनी निधी उभारला तो बोभाटा झाल्यानंतर.

गावाची विहीर सामाईक झाली म्हणून तिचा गाळ आपोआप उपसला जात नाही. भारत सरकारने २०१५ साली खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले, हे स्वागतार्हच आहे. परंतु फुकट मिळते म्हणून घ्यावे, एवढे धोरण तर कंपन्यांचेही असते. सरकारी खर्चातील निश्चित वाटा ह्या देखभालीसाठी राखून ठेवला पाहिजे. आणि ज्यांचा नफा ह्या श्रमांवर उभा आहे, त्यांच्याकडून त्याचे मोल हक्काने मागितले पाहिजे.