पानाखालचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाचा आणि कर्जाचा हिशेब आपण नेहमीच मांडतो. आज पऱ्हाटीच्या पानाखालचा मांडू.

पानाखाली मावा रस शोषतो. तिथेच ढालकिडा आणि क्रायसोपाची अळी त्या माव्याला खाते. मावा दिसताच आम्ही पंप पाठीवर घेतला. मावा मेला, त्याला खाणाराही मेला. मावा झपाट्याने पुन्हा वाढला. ढालकिड्याला वेळ लागतो. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. खर्च आमचा, विषबाधाही आमचीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना माणसे गेली, ती आम्ही विसरलेलो नाही.

२००२ साली बीटी आले. वाटले, बोंडअळी संपली. पण गुलाबी अळी बीटीलाही पचवू लागली. २०१७ साली तिने विदर्भातली बोंडे आतून पोखरली. तिचे पोट मुख्यतः कपाशीवरच. फरदडीचे चार पैसे सोडवत नाहीत, हे खरे. पण फरदड ठेवून पुढच्या हंगामाची अळी आम्हीच पोसतो.

म्हणून ठरवू. कपाशीत चवळी, कडेने ज्वारी लावू. तिथे मित्रकिडी वाढतात, ज्वारीवर बसलेली पाखरे अळ्या टिपतात. पाने उलटून किडी मोजल्याशिवाय फवारायचे नाही. डिसेंबरअखेर सारा गाव मिळून पऱ्हाटी उपटू. एकट्याने भागणार नाही. पतंग कोणाचा धुरा मानत नाही.

रास्त भाव तर आम्ही मागणारच. पण वाचलेली फवारणी हाही आमच्या घामाचा दामच आहे.