शाळेच्या अंगणात जन्मलेली भाषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘भाषेचा उगम आणि मानवी मन’ हा विषय कार्यकारिणीने आमच्या पदरात टाकला, तेव्हा आम्ही थोडे बिचकलोच. १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र परिषदेने आपल्या घटनेतच असे कलम घातले होते की, भाषेच्या उगमासंबंधी कोणताही निबंध स्वीकारला जाणार नाही. विद्वानांनी ज्या वाटेवर अडसर घातला, त्या वाटेने आम्ही पाऊण तासात कोठवर जाणार? म्हणून पहिल्या मानवाच्या पहिल्या शब्दाचा शोध न घेता, आमच्याच हयातीत, जाणत्या माणसांच्या डोळ्यांदेखत जन्मलेल्या एका भाषेची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. परंतु त्याआधी घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

आमचे आजोळ कोकणात. तेथे आमचे धाकटे मामा जन्मतः बहिरे होते, आणि म्हणून मुकेही. नाकपुडीला बोट लावले की आजी, कारण तिची नथ. कपाळावर तीन बोटे आडवी फिरवली की आजोबा, कारण त्यांचे गंध. अशा चाळीस-पन्नास खुणांवर मामांचा सारा संसार चालत असे. या खुणा घरापुरत्याच; कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यालाही त्या धड कळत नसत. नारळ पाडण्याच्या दिवशी मामा प्रत्येक नारळामागे एक खडा टोपलीत टाकीत. किती झाले, अशी आजोबांनी खूण केली की ते ती टोपलीच पुढे करीत. आम्ही मुले हसत असू. मुंबईला माझगावात बहिऱ्या मुलांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघालेली होती. पण पोर एकटे कसे राहील, या मायेपोटी त्यांना धाडले नाही. घरात त्यांना कोणी दुखवले नाही, जेवायला कधी मागे ठेवले नाही. मात्र ‘बुद्धीने जरा कमी’ हा शिक्का सर्वांनी मनोमन मारलेला होता, आणि त्यात आम्हीही होतो.

आता मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशाकडे वळू. तेथील कर्णबधिरांची १९७०च्या दशकापर्यंतची स्थिती आमच्या मामांहून फारशी निराळी नव्हती. प्रत्येक जण आपापल्या घरात, आपापल्या घरगुती खुणांसह एकटा. १९७७ साली मानाग्वा या राजधानीत विशेष शिक्षणाची एक शाळा वाढविण्यात आली व तीत सुमारे पन्नास कर्णबधिर मुले आली. १९७९ मध्ये राज्यक्रांती झाली, नव्या राजवटीने साक्षरतेचा ध्यास घेतला, १९८० साली मोठ्या मुलांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली, आणि १९८३च्या सुमारास दोन्ही शाळांत मिळून चारशेहून अधिक मुले जमली. शिक्षक त्यांना काय शिकवीत होते? ओठांच्या हालचाली वाचणे आणि स्पॅनिश शब्द. त्यात यश बेताचेच आले. परंतु शाळेच्या बसमध्ये आणि खेळाच्या अंगणात निराळेच काही चालले होते. आपापल्या घरून आणलेल्या खुणा मुले एकमेकांना दाखवीत होती, घेत होती, बदलीत होती. शिक्षकांना यातले काही उमगेना. अखेर १९८६ साली शिक्षण खात्याने ज्यूडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंना पाचारण केले. त्यांच्या ध्यानात आले की ही नुसती नक्कल नव्हे. हिला नियम आहेत. आणि चमत्कार असा की, आधी आलेल्या मोठ्या मुलांपेक्षा मागाहून आलेली लहान मुले ही भाषा अधिक वेगाने व अधिक बांधेसूदपणे बोलत होती. (हातांनी बोलणे यालाही आम्ही बोलणेच म्हणतो, प्रतिशब्द शोधीत बसत नाही.)

बांधेसूद म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. ॲन सेंघास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका व्यंगचित्रपटात एक मांजर गोळा गिळते आणि उतारावरून गडगडत जाते. तो पाहून ऐकू येणारी माणसे स्पॅनिश बोलताना हातवारे करतात, तेव्हा गोल फिरणारा हात खाली नेऊन सारा प्रसंग एकाच हालचालीत दाखवितात. पहिल्या तुकडीची कर्णबधिर मुलेही बहुतांशी तसेच करीत. पुढच्या तुकड्यांतील मुले मात्र आधी ‘गडगडणे’ दाखवून मग ‘खाली’ अशी दुसरी खूण करू लागली. वरवर पाहता हे उलटेच वाटते. मांजर काही आधी गडगडून मग खाली गेलेले नाही, घटना एकच. परंतु आपल्या मराठीत आपण काय म्हणतो? ‘गडगडत खाली गेले.’ दोन निराळे शब्द! एकदा ते सुटे झाले की गडगडत वर, लंगडत खाली, लंगडत वर, असे वाटेल ते रचता येते. चित्राचे तुकडे झाले आणि तुकड्यांची भाषा झाली. हे त्या मुलांना कोणी शिकविले नव्हते. शिकविणाऱ्यांपैकी कोणाला ती भाषा येतच नव्हती.

रविवारच्या बालवर्गात आम्ही मराठी शिकवितो, तेव्हा मुलांच्या वाक्यांना बाहेरच्या भाषेचा वास आला की आमच्या कपाळाला आठी पडते. मानाग्वाच्या शिक्षकांनाही अंगणातील खुणा हा अडथळाच वाटत होता. असो, हे विषयांतर झाले.

एकत्र ठेवले की मुले भाषा घडवितातच काय? अकबर बादशहाने सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काळात काही तान्ही मुले मुक्या दायांच्या हाती देऊन एका वाड्यात वाढविली. काही वर्षांनी तो तेथे गेला. कोणाच्या तोंडून शब्द फुटलेला नव्हता. लोक त्या वाड्याला ‘गुंगमहाल’ म्हणू लागले. तथापि बादशहा ऐकायला गेला होता, पाहायला नव्हे. त्या लेकरांचे हात काय करीत होते, हे जाणण्याची इच्छाच तेव्हा कोणास नसावी.

आता मनाकडे येऊ. आपल्याकडे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त प्रतिपादन केले की, शब्दाने विद्ध नसलेले ज्ञानच जगात नाही. हे मत भव्य आहे, पण आमच्या मामांकडे पाहता ते पुरतेपणी मान्य करणे आम्हांस कठीण जाते. मामा रहाटाची मोडतोड पाहून दुरुस्ती करीत. पाहुण्याची चाल लांबून ओळखीत. हे विचारावाचून होत नाही. मात्र मनाच्या काही खोल्या शब्दांच्या किल्लीवाचून उघडत नाहीत, असे निकाराग्वातील पुढील संशोधन सांगते. केवळ घरगुती खुणांवर वाढलेली तेथील प्रौढ माणसे काम करतात, पैसे कमावतात. पण मोजणीचे शब्द नसल्यामुळे तिनाच्या पुढची संख्या बोटांनी नेमकी दाखविणे त्यांना साधत नाही, जवळपास दाखवितात. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला त्या दिवशी आम्हांला ती खड्यांची टोपली आठवली. खडा टाकणारा माणूस मंद नव्हता. ज्या आकड्यांची माळ आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो ती त्याच्या कानी पडलीच नव्हती, म्हणून त्याने स्वतःपुरती एक माळ रचली होती. आणि ती नेमकी होती. नारळांचा हिशेब मामांच्या हातून कधी चुकला नाही.

दुसरा प्रयोग जेनी पायर्स व सेंघास यांचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला. चित्रमालिकेत एक मुलगा खेळणे एका जागी ठेवून जातो. त्याच्या पाठीमागे दुसरा ते हलवितो. पहिला परत येऊन कोठे शोधील, ते चित्र निवडायचे. पहिल्या तुकडीची माणसे तेव्हा पंचविशीच्या आसपास होती. तरीही त्यांतील बहुतेकांनी खेळणे खरोखर जेथे होते तेच चित्र निवडले. वयाने लहान असलेल्या दुसऱ्या तुकडीने उत्तर बरोबर दिले. भेद कशाचा? लहानांच्या भाषेत ‘वाटणे’, ‘ठाऊक नसणे’ यांसारख्या क्रियापदांच्या खुणा रूढ झाल्या होत्या. मोठ्यांच्या बोलण्यात त्या जवळजवळ नव्हत्या. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली. या अवधीत मोठी माणसे कर्णबधिरांच्या संघात तरुणांबरोबर ऊठबस करू लागली होती, त्या खुणा त्यांनी उचलल्या होत्या, आणि चाचणीतही ती सुधारली होती. म्हणजे बालपण गेले तरी ही खोली कायमची बंद होत नाही. पण ती उघडायला सोबत लागते.

मामांच्या चपला लपवून आम्ही त्यांना सतावीत असू. ते रागावत, पण उलट आमची वस्तू त्यांनी कधी लपविली नाही. घरात म्हणत, भोळा आहे. यावरून काही सिद्ध होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. ते स्वभावानेच सज्जन असतील. परंतु आपल्यासारखा दुसरा माणूस त्यांना सत्तर वर्षांत भेटला नाही, हे मात्र खरे आहे. माझगावला असे अंगणभर सोबती होते. आजोबांची माया खोटी नव्हती, तिने मामांना घरात ठेवून घेतले, आणि त्या मायेबद्दल त्यांना दोष कसा द्यावा हे आम्हांस अजूनही कळलेले नाही.

आमचा वेळ केव्हाच संपला आहे. पडद्यामागे बालनाट्याची मुले रंग लावून खोळंबली आहेत, आणि त्यांच्या कुजबुजीचा आवाज आता आमच्या आवाजापेक्षा मोठा झाला आहे. आम्ही रंगमंच त्यांच्या स्वाधीन करतो.